प्रयत्नशैथिल्याचा इतिहास : शवासन, सोहम् साधना आणि ‘यिन योग’
(रत्नागिरी व पश्चिम महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘यिन योग’ या नावाने ओळखली जाणारी एक मंदगती योगपद्धती अमेरिका व युरोपात लोकप्रिय झाली आणि पुढे भारतातील महानगरांच्या योगवर्गांतही तिचा प्रवेश झाला. या पद्धतीत साधक बसून अथवा पडून एखाद्या आसनात तीन ते पाच मिनिटे, प्रसंगी त्याहून अधिक काळ, स्नायू सैल सोडून स्थिर राहतो. त्यामुळे मन शांत होते, ताण उतरतो व झोप सुधारते, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. या अनुभवाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या अनुभवाला जोडल्या जाणाऱ्या इतिहासाचा. एकीकडे ही पद्धत हजारो वर्षे जुनी असल्याचे सांगितले जाते. दुसरीकडे, भारतीय योगात श्रमप्रधान अंगच विकसित झाले आणि विसाव्याचे अंग चीनमधील ताओ परंपरेकडून आले, असेही सुचविले जाते. ही दोन्ही विधाने इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीत.

२०१५ सालापासून दरवर्षी २१ जून रोजी आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो. त्या निमित्ताने महाविद्यालयांतून होणाऱ्या व्याख्यानांत ‘प्राचीन’ हे एकच विशेषण सर्व योगपद्धतींना सरसकट लावले जाते. या सरसकटपणात विसाव्या शतकातील एक महत्त्वाचे प्रकरण झाकले जाते. योगातील विश्रांती मोजता येते काय, तिचा रुग्णाला उपयोग होतो काय, या प्रश्नांची आधुनिक शास्त्रीय चिकित्सा प्रामुख्याने लोणावळा व मुंबई येथे घडली. त्याच काळात रत्नागिरीजवळील पावस येथे शांत साधनेची एक निराळी, कोणत्याही मापनाची अपेक्षा न ठेवणारी परंपरा नांदत होती. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन प्रवाहांचा मागोवा घेऊन ‘यिन योगा’चे ऐतिहासिक स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न केला आहे.

शोधनिबंधाची उद्दिष्टे

१. योगग्रंथांतील विश्रांतीच्या संकल्पनेचे स्वरूप पाहणे.
२. १९२४ ते १९७५ या काळात पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात या संकल्पनेला प्राप्त झालेल्या अर्थांचा अभ्यास करणे.
३. ‘यिन योगा’च्या दाव्यांपैकी कोणते परंपरेवर, कोणते प्रयोगावर व कोणते आधुनिक कल्पनेवर आधारलेले आहेत, हे वेगळे करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

योगग्रंथांतील विसावा

पातंजल योगसूत्रांत आसनाविषयी अवघी तीन सूत्रे आहेत. आसन स्थिर व सुखकारक असावे, प्रयत्न शिथिल केल्याने व चित्त अनंताशी एकरूप झाल्याने ते सिद्ध होते आणि मग शीतोष्णादी द्वंद्वांची बाधा होत नाही, असा त्यांचा आशय आहे. येथे आसनाची सिद्धी ही श्रमाने नव्हे, तर ‘प्रयत्नशैथिल्या’ने होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तथापि पतंजलीचे आसन हे मुख्यतः ध्यानासाठी बसण्याची स्थिती होय. अनेक शारीरिक आसनांचा क्रम त्याला अभिप्रेत नव्हता.

प्रेताप्रमाणे उताणे पडून राहण्याचा उल्लेख साधारणपणे तेराव्या शतकातील ‘दत्तात्रेययोगशास्त्र’ या ग्रंथात आढळतो. मात्र तेथे तो आसन म्हणून येत नाही. चित्ताचा लय साधण्याची एक युक्ती म्हणून तो लययोगाच्या विवेचनात येतो. पंधराव्या शतकात स्वात्मारामाने ‘हठप्रदीपिके’त पंधरा आसनांचे वर्णन केले आणि त्यांत शवासनाचा समावेश केला. भूमीवर प्रेतासारखे उताणे पडावे, त्याने थकवा दूर होतो व चित्ताला विश्रांती मिळते, एवढेच तो सांगतो. उत्तरकालीन ‘घेरंडसंहिते’त हेच आसन ‘मृतासन’ या नावाने येते.

दोन शतकांच्या या अंतरात एक सूक्ष्म पण महत्त्वाचे स्थित्यंतर घडले. लययोगात पडून राहणे हे चित्ताच्या विलयाचे साधन होते. हठयोगात ते इतर आसनांनी आलेला शीण घालविण्याचे साधनही झाले. म्हणजे विश्रांतीला मोक्षाच्या जोडीने एक व्यावहारिक अर्थ प्राप्त झाला. पुढील सर्व इतिहास या व्यावहारिक अर्थाच्या विस्ताराचा आहे. येथे हेही स्पष्ट केले पाहिजे की, पुढे वाकून किंवा मांड्या फाकवून पाच-पाच मिनिटे सैल राहण्याचा, ‘यिन योगा’सारखा अनुक्रम या ग्रंथांत नाही. विसाव्याचे तत्त्व जुने आहे. आजचा आराखडा जुना नाही.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

जगन्नाथ गणेश गुणे उर्फ स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी बडोद्यास प्रा. माणिकराव यांच्याकडे व्यायामाचे आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याकडे योगाचे शिक्षण घेतले. अमळनेर येथे अध्यापनकार्य केल्यानंतर ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ ही संस्था स्थापन केली आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रियांत पोटातील दाबात होणारे बदल दाबमापकाने व क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासण्याचे काम त्यांनी हाती घेतले. योगाच्या फलाची ग्वाही ग्रंथाने किंवा गुरूने द्यावी, ही रीत होती. ती ग्वाही उपकरणाने द्यावी, ही अपेक्षा त्यांनी भारतीय भूमीवर रुजविली.

कुवलयानंदांनी आसनांचे शरीरसंवर्धक व ध्यानोपयोगी असे वर्ग केले आणि शवासन व मकरासन यांना विश्रांतिकारक म्हणून वेगळे स्थान दिले. आसन सावकाश घ्यावे, झटका देऊ नये, शरीर न थकता त्या स्थितीत राहावे, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होता. तालमीतील जोर-बैठकांच्या परंपरेत वाढलेल्या व्यायामशिक्षकाने हा भेद करावा, याला विशेष अर्थ आहे.

१९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ कोवूर बेहानन यांनी लोणावळ्यास राहून योगाभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. प्राणायामानंतर मनाला स्वस्थता वाटते, परंतु काही बौद्धिक चाचण्यांतील गती मात्र मंदावते, असे त्यांना आढळले. शांती व कार्यक्षमता या एकच गोष्टी नव्हेत, हा त्या निरीक्षणाचा अर्थ आजही विचारात घेण्यासारखा आहे. कारण आज योगाची भलावण बहुधा दोन्ही एकाच वेळी देणारे साधन म्हणूनच केली जाते.

रत्नागिरी ते आंबोली : १९२७

रक्तदाब व योग यांचा संबंध सार्वजनिक चर्चेत येण्यास एका आजारपणाने हातभार लावला. त्या आजारपणाआधीचा प्रवास रत्नागिरीवरून गेला होता. १ मार्च १९२७ रोजी महात्मा गांधी रत्नागिरीस आले आणि तेथे स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांना त्यांच्या निवासस्थानी भेटले. अविश्रांत दौऱ्याचा ताण त्यांच्या प्रकृतीवर पडत होता. त्याच महिन्याच्या अखेरीस कोल्हापूर-निपाणी भागात रक्तदाब वाढल्याने ते आजारी पडले. डॉक्टरांनी दौरा थांबविण्याचा सल्ला दिला. एप्रिलमध्ये सावंतवाडी संस्थानातील आंबोली येथे व नंतर म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर त्यांनी सक्तीची विश्रांती घेतली. सावंतवाडी संस्थान विलीनीकरणानंतर रत्नागिरी जिल्ह्यात आले व १९८१ मध्ये नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेले, हे येथे नमूद करावे.

या काळात गांधीजींनी कुवलयानंदांशी आसने, श्वसन व रक्तदाब यांविषयी पत्रव्यवहार केला. आपल्या शरीरावर प्रयोग करण्याची गांधीजींची वृत्ती आणि मोजमापाचा आग्रह धरणारी कुवलयानंदांची दृष्टी यांचा येथे मेळ बसला. योगाकडे मोक्षसाधन म्हणून नव्हे, तर वाढलेल्या रक्तदाबावरील उपाय म्हणून पाहण्याच्या आधुनिक दृष्टीचे हे एक आरंभीचे व ठळक उदाहरण होय.

पावस : मापनापलीकडची शांती

रत्नागिरीच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या पावस या गावी याच सुमारास निराळ्या प्रवाहाची सुरुवात होत होती. रामचंद्र विष्णू गोडबोले उर्फ स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) हे पावसचे. तरुणपणी ते स्वातंत्र्यचळवळीत उतरले. १९३२ च्या सुमारास त्यांना येरवड्याचा कारावास घडला. पुण्याचे बाबामहाराज वैद्य यांच्याकडून त्यांना नाथसंप्रदायाची सोहम् दीक्षा मिळाली होती. १९३४ मध्ये गंभीर आजारातून ते उठले आणि पुढील चाळीस वर्षे पावस येथे देसाई कुटुंबाच्या ‘अनंत निवास’ या घरी राहिले. १५ ऑगस्ट १९७४ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. ‘अभंग ज्ञानेश्वरी’, ‘संजीवनी गाथा’ व ‘अमृतधारा’ ही त्यांची प्रमुख ग्रंथरचना होय.

सोहम् साधनेत नैसर्गिक श्वासोच्छ्वासाकडे अवधान ठेवून आत जाणाऱ्या श्वासाशी ‘सो’ व बाहेर पडणाऱ्या श्वासाशी ‘हम्’ जोडला जातो. श्वास बळेच रोधावयाचा नाही, शरीराला पीळ द्यावयाचा नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीजागृतीचे विस्तृत वर्णन आहे. त्याच ग्रंथाला अभंगरूप देणाऱ्या साधकाने प्रत्यक्ष उपदेशात मात्र श्वासाकडे पाहण्याच्या सौम्य मार्गाला प्राधान्य द्यावे, ही बाब बोलकी आहे. आजाराने क्षीण झालेल्या देहालाही झेपेल, शेतात राबणाऱ्या किंवा घरकामात गुंतलेल्या माणसालाही वेगळा वेळ न काढता करता येईल, असा हा मार्ग होता.

येथे शांती हे साधनेचे फळ मानले जात असले, तरी ती आरोग्यासाठी मागितलेली नव्हती. ‘मी तोच आहे’ या आत्मबोधाची ती सहचारिणी होती. लोणावळ्यात शांतीचे प्रमाण यंत्रावर शोधले जात होते. पावसला ते साधकाच्या वागण्यात शोधले जात होते. या दोहोंत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही. मात्र एकाचा दाखला दुसऱ्याच्या समर्थनार्थ देणे चुकीचे ठरेल. श्वासावर अवधान ठेवल्याने नाडी मंदावते, हे सिद्ध झाल्याने आत्मबोध सिद्ध होत नाही. आणि संतांच्या अनुभवाने रक्तदाबावरील उपचार सिद्ध होत नाही.

परळचा प्रयोग : १९६९

कुवलयानंद व डॉ. एस. एल. विनेकर यांचे योगोपचारावरील पुस्तक १९६३ मध्ये केंद्र शासनाच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रसिद्ध केले. याच डॉ. विनेकरांचा सहभाग असलेला एक अभ्यास १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख लेखक मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते हे होते. उच्च रक्तदाब असलेल्या ४७ रुग्णांना दररोज अर्धा तास शवासन करावयास शिकविण्यात आले. रुग्ण उताणा पडे, पाय व हात धडापासून किंचित दूर ठेवी, डोळे मिटून घेई. मग पोटाने संथ श्वसन करी. प्रत्येक श्वासानंतर अल्प व प्रत्येक उच्छ्वासानंतर त्याहून थोडा दीर्घ विराम असे. आत येणाऱ्या हवेचा गारवा व बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब नाकपुड्यांपाशी अनुभवणे, हा अवधानाचा भाग होता.

या कृतीत पावसच्या साधनेतील श्वासावधान व हठप्रदीपिकेतील शवासन यांचे साम्य सहज दिसते. फरक आहे तो हेतूचा. ज्या दहा रुग्णांना कोणतेही औषध चालू नव्हते, त्यांचा सरासरी माध्य रक्तदाब १३४ वरून १०७ मि.मी. पाऱ्यापर्यंत उतरला. औषधांनी रक्तदाब आटोक्यात असलेल्या बावीस रुग्णांपैकी तेरा जणांची औषधाची गरज मूळच्या ३२ टक्क्यांवर आली. उरलेल्या रुग्णांचा रक्तदाब औषधे घेऊनही आटोक्यात नव्हता. त्यांच्यातील लाभ तुलनेने कमी होता. सर्वांना सारखा गुण आला, असे या अभ्यासाने म्हटले नाही, हे त्याचे बळ होय. त्याची मर्यादाही उघड आहे. चिठ्ठ्या टाकून निवडलेला तुलनेचा गट त्यात नव्हता. ही उणीव पुढे इंग्लंडमध्ये भरून निघाली. तेथील डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७३ मध्ये वीस रुग्णांवरील निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले व १९७५ मध्ये ३४ रुग्णांवर नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. विश्रांती व यंत्राद्वारे मिळणारी जैवसूचना यांच्या संयोगाने रक्तदाब उतरतो, असे त्यांत दिसून आले.

के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये परळ येथे, गिरणगावाच्या मध्यभागी सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांना मजूर पुरविणारा रत्नागिरी हा एक प्रमुख जिल्हा होता. पाळीचे काम, दाटीच्या खोल्या व गावाकडे पाठवावयाचा पैसा यांत अडकलेल्या चाकरमान्याला विश्रांती हीच सर्वांत दुर्मीळ वस्तू होती. अशा वस्तीतील सार्वजनिक रुग्णालयाशी निगडित तज्ज्ञाने, ज्याला जमिनीखेरीज कोणतेही साधन लागत नाही असे आसन उपचार म्हणून तपासावे, याचे सामाजिक मोल मोठे आहे. अर्थात अर्धा तास निवांत पडण्याइतकी जागा व वेळ सर्वांना सारखी मिळत नाही, ही वस्तुस्थिती कोणत्याही आसनाने बदलत नाही.

पुण्याहून पश्चिमेकडे आणि ‘यिन योगा’चा उदय

बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले. १९६६ मध्ये त्यांचा इंग्रजी ग्रंथ ‘लाइट ऑन योग’ प्रसिद्ध झाला आणि १९७५ मध्ये त्यांनी पत्नीच्या स्मरणार्थ ‘रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था’ सुरू केली. कठोर व काटेकोर शिक्षक अशी त्यांची ख्याती असली, तरी लोड, घोंगड्या, पट्टे, खुर्च्या व दोर यांच्या आधाराने आजारी वा अशक्त माणसालाही आसनात दीर्घकाळ ठेवण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. त्यांच्या अमेरिकन शिष्या ज्युडिथ लॅसेटर यांनी या अंगाला ‘रिस्टोरेटिव्ह योग’ या नावाने प्रसिद्धी दिली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९९५ मध्ये आला.

‘यिन योग’ हा याहून वेगळा. त्याचा उगम अमेरिकेत झाला. चिनी युद्धकलेचे शिक्षक पॉली झिंक हे ‘ताओ योग’ शिकवीत. त्यांच्याकडे शिकलेल्या पॉल ग्रिली यांनी त्यातील दीर्घकाळ स्थिर राहण्याचे अंग वेगळे काढले, त्याला शरीररचनाशास्त्राची व जपानी विचारवंत हिरोशी मोतोयामा यांच्या ऊर्जावाहिन्यांच्या सिद्धांताची जोड दिली आणि २००२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. सारा पॉवर्स यांच्या अध्यापनातून ‘यिन’ हे नाव रूढ झाले. स्नायू हे ‘यांग’ व संयोजी ऊती, सांधे, अस्थिबंध हे ‘यिन’, अशी त्यांची विभागणी आहे. बद्धकोणासनाला फुलपाखरू, पश्चिमोत्तानासनाला सुरवंट अशी नवी नावे मिळाली. आसनांचे आकार बव्हंशी हठयोगाचे, परिभाषा चिनी, बैठक अमेरिकन असे हे मिश्रण आहे. रिस्टोरेटिव्ह पद्धतीत शरीराला ताण जवळजवळ नसतो. यिन योगात सौम्य ताण मुद्दाम राखला जातो.

शांतीबाबतचे त्याचे दावे तपासले गेले आहेत. स्वीडनमध्ये तणावग्रस्त अशा १०५ प्रौढांवर पाच आठवड्यांची नियंत्रित चाचणी झाली व ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. यिन योग करणाऱ्या गटांत चिंता व तणाव घटल्याचे, तसेच ताणाशी संबंधित एका रक्तघटकाचे प्रमाण उतरल्याचे तीत आढळले. संथ व दीर्घ उच्छ्वासाने परानुकंपी चेतासंस्था क्रियाशील होते व हृदयाची गती मंदावते, हे शरीरशास्त्राला परिचित आहे. परंतु ऊर्जावाहिन्या अमुक अवयवाला बळ देतात, या दाव्याला शरीररचनाशास्त्राचा आधार नाही. तसेच सांध्यांवर दीर्घकाळ ताण देणे सर्वांनाच मानवत नाही. ज्यांचे सांधे मुळातच सैल आहेत, त्यांनी सावध राहणे इष्ट होय.

निष्कर्ष

१. विश्रांतीचे तत्त्व भारतीय योगाला परके नाही. पतंजलीचे प्रयत्नशैथिल्य, लययोगातील शववत् स्थिती व हठप्रदीपिकेतील शवासन हे त्याचे पुरावे होत. मात्र ‘यिन योगा’चा आजचा आकृतिबंध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घडला. त्याला ‘प्राचीन’ म्हणणे अनैतिहासिक आहे.

२. ‘शांती’ या एका शब्दाचा अर्थ काळानुसार बदलत गेला. चित्ताचा लय, श्रमपरिहार, रक्तदाबातील घट आणि अखेरीस ताणमुक्ती असे हे टप्पे आहेत. त्यांपैकी एकाचा पुरावा दुसऱ्यास लागू होत नाही.

३. शांतीचे मोजमाप करण्याच्या आधुनिक प्रयत्नांत लोणावळा व मुंबई यांचा वाटा अग्रेसर होता. १९६९ चा शवासनाचा अभ्यास हा या दृष्टीने मैलाचा दगड होय. योगाच्या अभिमानात या कामाचा उल्लेख क्वचितच होतो, ही खंत आहे. कारण खरा अभिमान बाळगावा तो दावा तपासून पाहण्याच्या याच वृत्तीचा.

४. पावसची सोहम् साधना ही रत्नागिरी परिसराने जतन केलेली जिवंत परंपरा आहे. तिला रक्तदाबाच्या आकड्यांची गरज नाही आणि यिन योगाची ‘पूर्वसूरी’ ठरविल्याने तिचा गौरवही होत नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे योग मांडताना हे तीन स्तर, परंपरा, प्रयोग व नवनिर्मिती, वेगळे ठेवून सांगणे ही अध्यापकांची जबाबदारी आहे. परीक्षेच्या ताणाने झोप उडालेल्या विद्यार्थ्याला अर्धा तास जमिनीवर पडून श्वासाकडे लक्ष देण्यास अवश्य सांगावे. तो सल्ला खरा ठरण्यासाठी त्याला हजारो वर्षांचा खोटा दाखला जोडण्याची आवश्यकता नाही.